चौघांचा झोपाळा

मुलुंडच्या श्यामकांत काकांना निवृत्तीनंतर घरात झोपाळा हवा होता आणि नंदकिशोरला त्यांची मुलगी अनुपमा हवी होती. म्हणून झोपाळ्याचा हुक त्याने फुकटात डिझाइन करून दिला.

हा माझं वजन घेईल ना, काकांनी स्लॅबकडे बघत विचारलं. नंदकिशोर घाटकोपरच्या एका ऑफिसात दिवसभर तुळयांवरचे ताण काढायचा. तो म्हणाला, फॅक्टर ऑफ सेफ्टी चार धरलाय. तुमच्यासारखे चार बसले तरच तुटायची वेळ येईल.

काका अस्वस्थ झाले. तिघांची ताकद नुसती पडून राहणार, हे त्यांना सोसेना. नंदकिशोरने समजावलं की ती वापरायची नसतेच. लोखंडातला गंज, गवंड्याने ढापलेलं सिमेंट, आपल्याच हिशेबातली चूक, जे जे ठाऊक नाही त्याच्यासाठी ती राखून ठेवायची. काकांना हे पटलं. इतकं पटलं, की त्यांनी अनुपमासाठी आणखी तीन स्थळं बघून ठेवली.

"तूच म्हणालास ना," ते नंदकिशोरला म्हणाले, "गरज एकाची असली तरी सोय चौघांची हवी. आता तुझ्यात कुठे गंज आहे, मला काय ठाऊक?"

रविवारी चारही स्थळं एकदम बोलावली, म्हणजे कांदेपोहे एकदाच करावे लागतात. खुर्च्या काका-काकूंनाच पुरल्या. चौघांना झोपाळ्यावर बसवलं. वर हुक कुरकुरला. आपलं गणित चुकलेलं असावं, अशी प्रार्थना नंदकिशोरने आयुष्यात पहिल्यांदा केली.

बँकेतल्या स्थळाने पोह्यांवर लिंबू पिळत विचारलं, "हुक कोणी बसवलाय हो?"

"मी," नंदकिशोर म्हणाला. "चौघांना तुटेल असा."

तिघे बशांसकट उठले आणि थेट जिन्यात जाऊन पोहे संपवू लागले. नंदकिशोर जागचा हलला नाही.

काकांचे डोळे भरून आले. ज्याला हिशेब माहीत, तोच बसून राहिला. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं काकूंना सांगून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि जिन्यातून बशा आणायला गेले.

अनुपमाने वाकून बघितलं. नंदकिशोरच्या झब्ब्याचं टोक साखळीच्या कडीत गच्च अडकलं होतं.

"खरं सांग," तिने ते सोडवत विचारलं, "बसून राहिलास की अडकलास?"

"दोन्ही. एकाच गोष्टीवर भार टाकू नये."

ती शेजारी बसली. चाराचा फॅक्टर दोनावर आला, तरी नंदकिशोरने पायाने हलकेच झोका दिला.