टेबलावरचा पहिला चाकू

क्लेमाँसचा फोन आला तेव्हा तिचा बाप, गास्पार ब्र्युजिएर, स्वयंपाकघरात भाजीच्या सुरीने पाव कापत होता. कोणी पाहिलं असतं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिएर हे फ्रान्समधलं चाकूवाल्यांचं गाव. इथली निम्मी माणसं चाकू घडवतात आणि उरलेली निम्मी त्या घडवणाऱ्यांना नावं ठेवतात. आणि गास्पारने तर सगळी हयात कारखान्यात चाकू जुळवण्यात घालवलेली.

"पापा, अपोलीनच्या पहिल्या कम्युनियनचं जेवण तुमच्याच घरी करू या," लेक लियोंहून सांगत होती. नात आता चर्चमध्ये पहिला प्रसाद घेणार होती. "आई गेल्यापासून आपण सगळे एकत्र बसलोच नाही. आणि तुम्ही दगदग करू नका हं. पाव बेनुआ कापेल. तुम्ही नुसते बसा."

नुसते बसा! फोन ठेवून गास्पारने खुर्ची ओढली आणि खरोखरच नुसता बसून राहिला. जावई पाव कापणार, त्याच्या टेबलावर, तो जिवंत असताना.

बाहेरच्याला यात एवढं काय, असं वाटेल. पण ब्र्युजिएरांच्या घरात जेवण आपलं आपण सुरू होत नसे. टेबलाच्या टोकाला बसलेला घरातला वडीलधारा पुरुष खिशातून चाकू काढायचा, उघडायचा, पाव उलटा करून त्याच्या पाठीवर टोकाने क्रूस रेखायचा आणि पहिला तुकडा कापायचा. मग बाकीचे पुरुष आपापले चाकू काढत. बायकांच्या ताटाशेजारी साध्या सुऱ्या मांडलेल्या असत. आणि त्या वडीलधाऱ्याने चाकू मिटला, टक्क असा आवाज झाला, की जेवण संपलं. मग कोणाच्या ताटात काय उरलंय हे देवसुद्धा विचारत नसे. गास्पारच्या बापाचा हात इतका झपाट्याचा होता की लहानपणी गास्पार शेवटचा घास न चावताच गिळायचा. तो आवाज त्याला अजून झोपेत ऐकू येई, आणि खरं सांगायचं तर त्या आवाजासाठी त्याचा जीव तुटे.

त्याचा स्वतःचा चाकू होता काळ्या शिंगाच्या मुठीचा. नोएमीशी लग्न झालं त्या वर्षी त्याने तो स्वतःच्या हाताने जुळवला होता, आणि जवानीच्या मस्तीत स्प्रिंग अशी कडक ठेवली होती की कारखान्यातले गडी पैज लावून उघडायला येत. तिएरच्या दरीत एवढी कडक स्प्रिंग दुसऱ्या कोणाची नाही, ही शेखी त्याने जन्मभर मिरवली. आता बोटांत संधिवात शिरला होता आणि ती शेखी त्याच्यावरच उलटली होती. पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवायचं, जोर लावायचा, की कळ थेट कोपरापर्यंत जायची. पातं जागचं हलायचं नाही.

शेवटची काही वर्षं नोएमी जेवणाआधी हात पुढे करायची. "दे रे इकडे, तेलकट झालाय, पुसून आणते." चाकू घेऊन ती स्वयंपाकघरात जायची आणि परत आणून ताटाशेजारी ठेवायची. उघडलेला. त्यावर दोघांत कधी अवाक्षर झालं नाही. ती गेली त्याला दोन हिवाळे लोटले होते आणि तेव्हापासून तो चाकू खिशात मिटूनच पडला होता.

मे महिन्यात गावात चाकूंची जत्रा भरते. गास्पारने कोट चढवला आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला हाक मारली.

"उर्स्युल, येतेस का जत्रेला? बेनुआसाठी एक चांगलासा चाकू बघायचाय."

"बेनुआसाठी?" उर्स्युलने चष्म्यावरून पाहिलं. "तो बाटली दातांनी उघडतो. त्याला कशाला चाकू?"

"म्हणूनच."

उर्स्युलही त्याच कारखान्यातली, मुठींना पॉलिश करणारी. तिच्या हातांतून इतक्या मुठी गेल्या होत्या की मोजायला बसलं असतं तर वय कमी पडलं असतं. तिच्या खिशात मात्र हातरुमालाशिवाय कधी काही नव्हतं. त्या काळी बायका चाकू चमकवत, बाळगत नसत.

जत्रेत ही गर्दी. पहिल्या टेबलावर लायोल चाकू मांडले होते, बाकदार, मानेवर पितळेची माशी, मूठ मेंढ्याच्या शिंगाची. विकणारा भाव खात उभा होता. गास्पारने एक मिटलेला उचलून डोळ्यासमोर धरला. पातं मुठीत बरोबर मधोमध बसत होतं, पाठीची स्प्रिंग मुठीशी एका रेषेत होती. त्याने मान डोलावली. उर्स्युलने मात्र मूठ आणि पितळ जिथे भेटतात तिथे अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

"नख अडकतंय. आमच्या मुकादमाने हा तोंडावर फेकला असता."

"मादाम, हा हाताने केलेला आहे!"

"हो ना, तेच म्हणते मी. कोणाच्या हाताने?"

गास्पारने तिला ओढतच पुढे नेलं, पण त्याआधी पाठमोरं होऊन त्याने तो लायोल उघडायचा प्रयत्न केला होता. नाही जमलं.

दुसरीकडे बीचच्या लाकडाचे साधे चाकू होते, पातं पक्कं करायला मानेशी फिरवायची लोखंडी कडी असलेले. त्या महागड्याच्या किमतीत असे पाच आले असते, आणि पातं कशातही कमी नव्हतं. दिलेल्या पैशाला जागणारा चाकू, असं गास्पार मनापासून म्हणाला. दिखावा नाही, धार लगेच येते, हरवला तर रात्रभर रडायला नको. पण दमट हवेत लाकूड फुगलं होतं आणि ती कडी त्याच्या बोटांना काही फिरेना. त्याने चाकू अलगद जागेवर ठेवला, जणू तो आवडलाच नव्हता.

तिसरं टेबल फ्लाव्ही नावाच्या एका तरुण पोरीचं. कानात चार बाळ्या, हातांवर पोलादाचे डाग. तिचे चाकू राखाडी टायटॅनियमचे, बेअरिंगवर फिरणाऱ्या पात्याचे. लायोलच्याही वर किंमत.

"मस्यू, हे बाहेर आलेलं बोंड नुसतं बोटाने दाबा."

गास्पारने दाबलं आणि पातं सुळकन बाहेर आलं. कळ नाही, जोर नाही. त्याने पुन्हा पुन्हा मुठीकडे पाहिलं, शक्य तितक्या निर्विकार चेहऱ्याने.

"यंत्रावर होतात ना हे?"

"बराचसा भाग यंत्रावर. म्हणून तर शंभरावा चाकू पहिल्यासारखाच निघतो. पोलाद असं आहे की वर्षभर धार लावावी लागत नाही."

"वर्षभर? मग माणसाने रविवारी संध्याकाळी करायचं काय?"

फ्लाव्ही हसली. उर्स्युलने चाकू घेऊन सगळे सांधे अंगठ्याने तपासले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणी ऐकलेली नव्हती.

"बरं, आता मिटायचा कसा?" गास्पारने विचारलं.

"आत ती पट्टी आहे ना, अंगठ्याने बाजूला दाबायची. कडक आहे जरा, तीच तर चांगल्या चाकूची खूण. चुकून बोटावर मिटता कामा नये."

गास्पारने दाबलं. पुन्हा दाबलं. कपाळावर घाम आला. पट्टी जागची हलली नाही. शेवटी उर्स्युलने त्याच्या हातातून चाकू काढून घेतला, एका झटक्यात मिटला आणि पोरीला परत दिला.

"म्हणजे हा उघडतो पण मिटत नाही," ती म्हणाली, "आणि तुझा मिटतो पण उघडत नाही."

"मी बेनुआसाठी..."

"बेनुआला कधीपासून संधिवात झाला?"

गास्पारचा चेहरा उतरला. फ्लाव्हीने काही न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या खिशातल्या चाकूबद्दल विचारलं. तिएरमध्ये हे विचारणं शिष्टाचारातच येतं. त्याने काढून दिला. तिने खाचेत नख घातलं, "आई गं!" म्हणाली आणि दुसऱ्या खेपेला उघडला. उन्हाकडे धरून पाहिला, मिटला. टक्क. आजूबाजूच्या दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

"सुंदर आहे, मस्यू. पण खरं सांगू? मी असा विकला तर गिऱ्हाईक आठवड्यात परत आणेल. स्प्रिंग बिघडलीय म्हणेल."

एरवी गास्पार यावर भांडला असता. आज त्याला फक्त हसू आलं.

घरी जाताना चढावरच्या बाकावर दोघं टेकले. खाली दरीत बंद पडलेले कारखाने दिसत होते. खिडक्यांमधून झाडं उगवली होती. याच दरीत त्यांचा आजा ओल्या फळीवर पालथा पडून खालच्या फिरत्या दगडावर पाती घासायचा, पायांवर ऊब द्यायला कुत्रा झोपवून. भोंगा झाला की सगळी दरी जेवायला सुटायची आणि घराघरांतून चाकू उघडल्याचे आवाज यायचे. आता खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता.

"स्प्रिंग घासून हलकी करून घे," उर्स्युल म्हणाली.

"मग तो माझा चाकू राहील का?" गास्पार उसळला. आणि मग एकदम त्याचा आवाज बसला. "नोएमी उघडून द्यायची. शेवटची कितीतरी वर्षं. पुसण्याचं निमित्त करून. मला तिची फार आठवण येते, उर्स्युल. आणि चाकू हातात घेतला की जास्तच येते."

"ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरातच असायचे ना."

"तुला माहीत होतं?"

"मला काय, सगळ्या बायकांना माहीत होतं. तो चाकू पोटाशी धरून, ॲप्रनमध्ये गुंडाळून ती ओढायची. एकदा बोट कापून घेतलं तर मला म्हणाली, त्याला सांगू नकोस. आणि दर रविवारी तुझ्या त्या स्प्रिंगला शिव्या घालायची."

"काय म्हणायची?"

"देवाच्या कानावर जाऊ नये असं." उर्स्युल उठली. "काळजी करू नकोस. मी देईन उघडून. आत नेऊन. बेनुआला पत्ता लागायचा नाही."

म्हणजे प्रश्न सुटला होता. नवा चाकू नको, खर्च नको, खुर्ची शाबूत. पण त्या रात्री गास्पारला सुटल्यासारखं काही वाटलं नाही. नोएमीने कापलेलं बोट कुठलं, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. डाव्या हाताचं की उजव्या? जिच्यासोबत जन्म काढला तिच्या बोटाची जखम त्याला ठाऊक नव्हती.

रविवारी घर भरलं. अपोलीन पांढऱ्या पोशाखात, क्लेमाँस भट्टीतून बटाटे आणि चीज काढतेय, बेनुआ लियोंहून आणलेला नवा कोरा चाकू हाताशी घेऊन तयार. टेबलावर हॅम, राय धान्याचा काळपट पाव, फूर्म चीजचा निळसर गोळा. सगळे बसले. गास्पारने खिशातून चाकू काढला तसा उर्स्युलने हात पुढे केला.

"दे इकडे. तेलकट झालाय, पुसून आणते."

तिने ते अगदी नोएमीच्या सुरात म्हटलं. चाकू तिच्या हातात देऊन गास्पार उठून उभा राहिला.

"आत जाऊ नकोस," तो म्हणाला. "इथेच उघड."

"पापा, काय झालं?" क्लेमाँसने विचारलं.

"मला उघडता येत नाही. बोटं गेलीत माझी. तुझी आई उघडून द्यायची, आत लपून, आणि मी इथे बसून भाव खायचो." त्याने टोकाची खुर्ची मागे ओढली. "उर्स्युल, आपल्यात मोठी तू आहेस. इथे बस."

"वेडा आहेस का? बाईमाणूस तिथे?"

"मुठी कोणी चमकवल्या इतकी वर्षं? बस म्हणतो ना!"

उर्स्युल लाल झाली. मग बसली. तिने खाचेत नख घातलं, दात आवळून, सगळ्यांदेखत, आणि पातं उघडलं. पाव उलटा करून क्रूस काढला, जरा वाकडा, आणि पहिला तुकडा चांगला जाडजूड कापला. गास्पार तिच्या शेजारी बसला, भाजीची सुरी हातात घेऊन, आणि त्याला काही म्हणजे काही कमीपणा वाटला नाही.

हॅम झालं, बटाटे झाले, आलुबुखाराचा टार्टही झाला. ऊन टेबलावरून उतरून भिंतीवर गेलं. लियोंला परतायचं म्हणून बेनुआ घड्याळ बघत होता, पण उठणार कसा? उर्स्युलपुढे चाकू उघडाच होता. तिने फूर्मचा आणखी एक पातळसा काप काढला, पावावर ठेवला, डोळे मिटून खाल्ला. मग आणखी एक.

"आत्या, झालं का?" क्लेमाँसने हळूच विचारलं.

"घाई आहे का कोणाला?" उर्स्युल म्हणाली. "आधी बापाच्या चाकूवर उठले, मग भावाच्या. कधी पोटभर बसले नाही. आज बसू द्या."

गास्पारने तिचा ग्लास भरला आणि चीजचं ताट तिच्याकडे सरकवलं. आपल्या बहिणीला फूर्म इतकं आवडतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.