धड्यातले बाबा

"मॅडम, ही पानं तुमीच दिलीत ना माझ्या तेजस्वीला?"

सीताने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. पंधरा-सोळा छापील पानं, हाताळून मऊ पडलेली. शाळेची घंटा अजून व्हायची होती आणि स्वप्ना तांबे मॅडमच्या हातातलं हेल्मेट अजून हातातच होतं. रत्नागिरीहून रोज स्कूटरवर येणाऱ्या मॅडमनी बावीस वर्षांत भांडणारे पालक पुष्कळ पाहिले होते. त्यांना कसं गार करायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण ही बाई हळू आवाजात बोलत होती, आणि मॅडमना त्याचीच धास्ती वाटली.

"काल सकाळी आठाला तेजस्वी फाट्यावर जाऊन बसली. मुंबईच्या मंडळाची गाडी आली. सगळी मानसं उतरली, विहारात गेली. ही तितंच. जयंतीची मिरवनूक निघाली तरी उठंना. सांजच्या एस्टीच्या कंडक्टरला पान दाखवून इचारते, ह्यात लिवलाय चौदा तारखेला येनार, मग बाबा उतरला कसा नाय?"

ते पान सगळ्यात वर होतं. ‘आज चौदा एप्रिल. तेजस्वीचे बाबा मुंबईच्या गाडीतून उतरले. त्यांच्या हातात निळा झेंडा होता.’

जानेवारीत शहरात प्रशिक्षण झालं होतं. मोबाईलमधल्या एआयला मुलाची माहिती द्यायची, की ते त्या मुलाच्या मापाचा धडा शिवून देतं, असं सांगितलं होतं. चार वर्ग, शिक्षक दोन, मुलं एकतीस. मॅडमना देव पावल्यासारखं झालं. हर्षदला होड्यांचे धडे मिळाले, सानवीला कोंबड्यांचे. तेजस्वीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘इयत्ता तिसरी. जोडाक्षरं येत नाहीत. बोलत नाही. आई आंब्याच्या बागेत कामाला. वडील मुंबईला.’

शेवटचे दोन शब्द मोबाईलने नेमके उचलले आणि ‘बाबांची पिशवी’ नावाचा धडा काढून दिला. तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली पोरगी बाकावरून उठली आणि तो धडा मोठ्याने वाचू लागली. पिशवीतून एकेक वस्तू निघत गेली तसा तिचा आवाज चढत गेला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच मोबाईलला सांगितलं, असेच आणखी दहा दे.

धडे सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या सोनूबाईने हटकलं. "तेजस्वीचा बाप महेंद्र दोन वर्सं फिरकला नाय, मॅडम. तिकडं मुंबईकडं इरारला दुसरा संसार मांडलाय त्यानं. आख्ख्या वाडीला ठाव हाय."

मॅडमना कळलं, पण वळलं नाही. पोरगी वाचत होती ना! केंद्रप्रमुखांनी तिच्या वाचनाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून मॅडमची पाठ थोपटली होती. चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? एप्रिल उजाडला तेव्हा जयंतीचा धडाही मॅडमनी स्वतःच मागून घेतला. त्यात बाबा असणार हे त्यांना माहीत नव्हतं असं त्या कोणत्या तोंडाने सांगणार होत्या?

"मी सांगितलं तिला, बाबा येयाचा नाय आता," सीता म्हणाली. "तर म्हनते, तुला वाचता येत नाय, मॅडमच्या पानात लिवलाय." ती हसल्यासारखं करून थांबली. "तवा एक करा. त्याच मोबाईलला सांगा, दुसरं पान काड. बाबा येनार नाय, असं. माझं ती ऐकत नाय. छापलेलं मानते."

"करते," मॅडम म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मधल्या सुट्टीत त्यांनी खरंच तसं लिहून दिलं. अर्ध्या मिनिटात धडा हजर. सोपी वाक्यं, मायेची भाषा, एक आंब्याचं झाड, एक उडून गेलेला पक्षी. खाली स्वाध्याय होता. ‘रिकाम्या जागा भरा. बाबा आता घरी ____ नाहीत.’

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्या मोबाईलला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याने सांगितलेलं काम केलं होतं, पहिल्या दिवसापासून तेच करत आला होता. त्यांनी तो धडा पुसला आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

शाळा सुटल्यावर त्यांनी तेजस्वीला व्हरांड्यात थांबवलं. तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"तेजस्वी, त्या पानांत लिहिलंय तसं बाबा येणार नाहीत. ते खरं नव्हतं. मी ते करून घेतलं होतं."

"तुमाला ठाव होतं?"

खोटं बोलायला जागा होती. क्षणभर मॅडमना मोहही झाला.

"हो. आधी नव्हतं. नंतर कळलं होतं."

"मग दिलंत कशाला?"

"तू वाचावंस म्हणून."

तेजस्वी पायरीवरून उठली. मग तिने दप्तर पाठीला लावलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गप्प झाली. पाठ्यपुस्तक उघडून बसायची, पण ओठ हलायचे नाहीत. नऊ दिवस मॅडमनी ते पाहिलं. केंद्रप्रमुखांचा फोन आला, त्या व्हिडिओतल्या मुलीचा नवीन व्हिडिओ पाठवा म्हणून. मॅडम म्हणाल्या, ती आता वाचत नाही, सर.

रविवारी त्या वाडीची घाटी चढून सीताच्या घरी गेल्या. तेजस्वी मावशीकडे गेली होती. त्यांनी कोरा चहा घेतला, अंगण पाहिलं, घर पाहिलं. "तुमच्या घराबद्दल लिहू का?" असं विचारलं. सीता म्हणाली, "जे हाय ते लिवा."

सोमवारी त्यांनी तेजस्वीपुढे एक पान ठेवलं. रेघी कागद, निळी शाई, मॅडमचं स्वतःचं अक्षर. तेजस्वीने बराच वेळ त्याला हात लावला नाही. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

‘तेजस्वीच्या अंगणात रातांब्याचं एक झाड आहे.’

"दोन हायत," ती म्हणाली. "एक मागच्या दारी."

इतक्या दिवसांतला तिचा पहिला शब्द. मॅडमनी पेन्सिल पुढे केली. तिने ‘एक’ खोडलं, वर ‘दोन’ लिहिलं, आणि दुसऱ्या ओळीवर बोट नेऊन वर पाहिलं.

"ह्ये तुमी बगितलंत?"

"हो, बघितलं."

मगच तिने ती ओळ वाचली. तिसऱ्या ओळीलाही तेच विचारलं, चौथीलाही. पूर्वी ती अशी विचारत नव्हती. मॅडमचा शब्द तिला पुरत असे. आता प्रत्येक ओळीला साक्ष द्यावी लागत होती आणि मॅडम ती देत होत्या.

शेवटची ओळ होती, ‘या घरात आई आणि तेजस्वी, दोघी राहतात.’

बोट तिथे थांबलं. मॅडम उत्तर तयार ठेवून बसल्या.

तेजस्वीने विचारलं नाही. तिने ती ओळ हळू, सलग वाचली, आणि पेन्सिल परत दिली.