पाय बाहेर, विष टबात

आईच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडकीपाशी माणसं, दारात माणसं, कपाटाला टेकून माणसं. आणि मधोमध खाटेच्या कडेला बसवलेली माझी आई, तिचे सुजलेले पाय एका निळ्या टबात. जलगुरू म्हणवणाऱ्या बाबांनी त्यात चिमूटभर 'सिद्ध भुकटी' टाकून विजेच्या यंत्राची नळी सोडली, आणि बघता बघता टबातलं स्वच्छ पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग चक्क गटारासारखं काळपट. वर फेस आला.

"निघालं! विष निघालं!" शेजारच्या काकूंनी हात जोडले.

"हे तर नुसतं वरवरचं," जलगुरू म्हणाले. पांढराशुभ्र सदरा, तेल लावून चोपलेले केस, आवाजात मध. "जन्मभराचं साचलंय. गोळ्यांचं विष, चिंतेचं विष, मनात धरलेल्या रागाचं विष. यंत्र ओढतं, पाणी झेलतं, पेशी न् पेशी नाचू लागते. माताजी, हलकं वाटतंय ना?"

आईने दातांवर दात दाबून धरले होते. जलगुरूंनी गर्दीकडे वळून जाहीर केलं, "बघा, समाधी लागली!"

मी तिच्या पाठीशी उशी सरकवली. समाधी नव्हती ती, कळ होती.

आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. बरं करणारा इलाज उरला नाही, पण दुखू न देणं हातात आहे, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तेव्हा आईनेच ठरवलं, "मग मला घरी न्या." घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं शिकवलं: पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, ओठ ओल्या कापसाने कसे टिपायचे, मॉर्फिन ठरल्या वेळी कसं द्यायचं. त्या औषधावर आई शांत होती. जन्मभर कोर्टात लघुलेखक म्हणून खोटं-खरं दोन्ही उतरवून घेतलेली बाई. मी पेपर वाचून दाखवला की त्यातही उच्चार सुधारायची.

मग दादा परगावाहून आला. आईला पाहून तो जागच्या जागी खचला, आणि दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून जलगुरूंना घेऊन आला. त्यांनी पहिल्याच भेटीत फर्मान काढलं, "मॉर्फिन बंद. एकीकडे विष ओतायचं, दुसरीकडे मी उपसायचं, असं कसं चालेल?" दादाने बाटली स्वतःच्या बॅगेत कुलूपबंद केली. मी भांडले, रडले. तो म्हणाला, "तुला ती मरायलाच हवी आहे का?" मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या दौऱ्यावर होत्या, परतल्याबरोबर येते म्हणाल्या. तोवर आई कण्हत राहिली. चादर बदलायला तिला नुसता हात लावला तरी ती ओरडायची. आणि बाहेरच्या खोलीत जलगुरू चहा पीत सांगत होते, "वेदना म्हणजे विषाचा आक्रोश. शुभ लक्षण आहे!"

तर त्या दिवशी गर्दीसमोर आईच्या तोंडून एकाएकी हुंदका फुटला. "बसवत नाही गं मला."

मी कुणाला विचारलं नाही. तिचे पाय टबातून उचलले, पुसले, तिला उशांवर आडवं केलं. जलगुरू गर्दीला पेशींचा नाच समजावण्यात रंगले होते. यंत्र तसंच घरघरत राहिलं.

आईची मान टबाकडे कलली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने माझा हात दाबला.

"अगं," ती म्हणाली, "माझे पाय तर इकडे आहेत."

पाणी अजून काळं होतच होतं. फेस काठावरून सांडायला आला होता.

"अहो गुरुजी," आईचा आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आता हे विष कुणाचं?"

जलगुरूंनी घसा खाकरला. "ते… वातावरणातलं आहे, माताजी. भिंतींत मुरलेलं."

"बघ," आई मला म्हणाली, "साक्षीदाराने जबानी फिरवली."

कुणीतरी खुदकन हसलं. त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी आईचा चेहरा पाहिला आणि दादाला एवढंच विचारलं, "औषध कुठे आहे?" दादाने मुकाट्याने बॅग उघडली. आईला डोस दिल्यावरच त्या टबाकडे वळल्या.

"हात लावू नका, शक्ती उलटेल!" जलगुरू पुढे सरसावले.

"उलटू दे," म्हणत बाईंनी प्लग काढला आणि पाण्यातली भोकं पाडलेली नळी बाहेर काढून तिचं झाकण फिरवलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, गंजून कुरतडल्यासारख्या झालेल्या. "मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड भराभर गंजतं. हा रंग त्या गंजाचा. फेस येतो तो पाण्यातून सुटणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांचा. तुम्ही टाकता ती सिद्ध भुकटी म्हणजे मीठ, नाही का?"

जलगुरू त्या पट्ट्या हिसकावून सदऱ्याच्या टोकात गुंडाळू लागले. बाईंनी मला नवं पाणी आणायला सांगितलं, त्यांच्याच हातून पट्ट्या घेऊन बसवल्या, चिमूटभर मीठ टाकलं आणि प्लग लावला. टबात कुणाचेही पाय नव्हते. पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, काळवंडलं.

काकूंनी जोडलेले हात हळूच सोडवले. गर्दी पांगली, तोंड चुकवत. "तरी मला शंका होतीच," असं जिन्यात दोघं-तिघं तरी म्हणाले. जलगुरू जाताना म्हणाले, "श्रद्धा कमी पडली." शरमेचा लवलेशही नव्हता चेहऱ्यावर. उद्या दुसऱ्या घरात, दुसऱ्या खाटेशी ते हाच टब मांडणार होते. आम्ही पोलिसांत तक्रार केली.

दादा खाटेशी बसून ढसाढसा रडला. "मला काहीतरी करायचं होतं गं आई. नुसतं बघवत नव्हतं."

"करायला पुष्कळ आहे," आई म्हणाली. औषध चढायला लागलं होतं, कपाळावरच्या आठ्या सैलावत होत्या. "आधी माझी कूस बदल. हिची कंबर मोडलीये."

त्याने बदलली. घाबरत, चुकत, पण बदलली. पुढे तो हे सगळं माझ्याहून चांगलं करायला शिकला. आई गेली ती एका दुपारी, झोपेत, दादाचा तळवा गालाखाली घेऊन. बरी झाली नाही. कुणीच तिला बरं करू शकलं नसतं. पण तिला दुखत नव्हतं.

जवळचं माणूस जाताना अक्कल गहाण पडते, हे मी पाहिलंय, आणि त्या घटकेवर टपून बसलेली माणसंही पाहिलीत. म्हणून हात जोडून सांगते: कुणी चमत्कार दाखवला, तर तुमच्या माणसाला बाजूला ठेवून तोच चमत्कार पुन्हा करायला सांगा. आणि जो म्हणेल वेदनेचं औषध बंद करा, त्याला आधी दार दाखवा, मग डॉक्टरांना फोन करा.