मेहरूनची जागा

"मौलाली, तो कच्छचा दगड आणा जरा हिकडं," अण्णासो सरांनी वर्गातून हाक मारली.

मौलालीने कपाटातून दगड काढून टेबलावर ठेवला. कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात तो बावीस वर्षे शिपाई होता. हुद्दा शिपायाचा, पण दगडात अडकलेला शिंपला सुईने आणि ब्रशने सोडवावा तर त्यानेच. डिग्रीवाल्यांच्या हातून शिंपलाही फुटे आणि सुईही मोडे.

आज मात्र त्याचे कशात लक्ष नव्हते. माहेरी कागलला गेलेली त्याची बायको हाफिजा पाचच्या एसटीने परत येणार होती, आणि काल त्याने ईदसाठी घराला चुना दिला होता. सगळ्या घराला.

"आपल्या कोल्हापूरचा दगड काळा, तापलेल्या रसाचा," सर पोरांना सांगत होते. "त्यात जीव सापडला तर राखच व्हायची. हे बाहेरचं बघा. प्राणी मेला, तळाला गेला, वर गाळ बसला. थरावर थर. पुढं शिंपलाबी विरघळून गेला. मग उरलं काय?"

सरांनी दगड पोरांपुढे धरला.

"जागा उरली. नुसती त्याच्या आकाराची पोकळी. पण तेवढ्यावरनं आपण सांगतो, हितं कोणतरी राहत होतं, एवढं होतं, असं जगत होतं."

दाराशी उभ्या मौलालीने विचारले, "सर, त्या पोकळीत दुसरं कायतरी भरलं तर?"

"नीट काढता आलं तर कड सापडती की. पर ते काम तुमचं, माझं न्हाय."

पोरे हसली. मौलालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच विभागाची सुई आणि ब्रश न विचारता खिशात घातला.

त्याची लेक मेहरून नवव्या वर्षी विषमज्वराने गेली, पासष्ट साली. फोटो काढायचा राहून गेला होता. कच्ची कबर चार पावसाळ्यांत सपाट झाली. मागे राहिला तो भिंतीवर एक तेलाचा डाग. पोर रोज तिथेच पाठ टेकून पाढे म्हणायची, आणि आई तिच्या डोक्यावर तेल थापायची ते पळीपळीने. दर ईदला हाफिजा भिंतीला चुना द्यायची, पण डागाला वळसा घालून. नऊ वर्षांत नऊ चुने चढले, आणि डागाची जागा बशीसारखी खोलगट झाली. रोज संध्याकाळी हाफिजा त्या जागेकडे तोंड करून बसायची.

हाफिजाने विसरावे, म्हणून काल त्याने तिथे घट्ट चुना भरला, असे तो स्वतःला सांगत होता. खरे कारण त्याला ठाऊक होते.

घरी येऊन तो भिंतीपुढे मांडी घालून बसला. चुना अजून ओलसर होता. सुईने कड सापडली. तासाभराने भरलेला चुना वडीसारखा सुटून हातात आला. त्याने वडी उलटून पाहिली. मागच्या बाजूला पिवळा पोपडा चिकटला होता. डाग वडीबरोबर निघून आला होता. भिंतीत पांढरी, कोरी पोकळी तेवढी राहिली. मौलाली ती वडी ओंजळीत धरून रडला.

हाफिजा आली. पिशवी हातात तशीच धरून भिंतीकडे बघत राहिली.

"काय केलंसा ह्ये?"

"काल भरलंतं. आज काढलं. डाग गेला, हाफिजा. जागा तेवढी ऱ्हायली."

"भरलंसा कशाला?"

"मला बघवंना."

"नऊ वरसं बघवंना?"

"व्हय."

"मग एकदा तरी बोलायचं हुतं की. मला वाटायचं, तुम्ही इसरलासा पोरीला."

मौलाली ब्रशने कडेचा भुगा हळूहळू झाडत राहिला.

हाफिजाने पिशवी खाली ठेवली. भिंतीला पाठ लावून बसली. पोकळी तिच्या खांद्याशी येत होती. मग ती हळूहळू खाली सरकली, पाय लांब केले, आणखी सरकली, आणि मान वाकडी करून तिने डोके त्या जागेत बसवले.

निघताना कागलला बहिणीने तिला न्हाऊ-माखू घातले होते. केसांना भरपूर तेल होते.