दुसऱ्या नाटुकल्यातलं वाक्य

मल्हारनं नकली मिशी ओढून काढली आणि आरशापुढं आपटली.

"बघितलंस? सगळ्यात मोठ्यानं त्योच हसत व्हता!"

तो म्हणजे पहिल्या रांगेतले माणिकप्पा चेअरमन. मल्हारचं आत्ताच झालेलं पहिलं नाटुकलं त्यांच्यावरच बेतलेलं होतं. न झालेल्या रस्त्याचं उद्घाटन करणारा पुढारी आणि नारळ धरून अवघडलेली एक बाई. परंड्याचं सभागृह हसून लोळलं आणि चेअरमन मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला म्हणाले, "आमच्या विरोधकाला काय उभा केलाय! हुबेहूब!"

"एवढं घासून लिवलं म्या. त्याला टोचलंच न्हाय."

"अहो, मला जरा तुम्हाला—" शिवप्रिया पदराला पिन लावता लावता म्हणाली.

"थांब गं. आधी माझं ऐक."

लेखक तो, नट तो, आणि दोन्ही नाटुकल्यांत समोर बायको शिवप्रिया. तिसरं माणूस नाहीच. तो चेअरमनवर चरफडत राहिला, तोवर बाहेरून नाव पुकारलं गेलं.

दुसऱ्या नाटुकल्यातला नवरा 'स्त्रियांना बोलू द्या' हे भाषण पाठ करत असतो. बायको दरवेळी "अहो" म्हणते, तो दरवेळी हात वर करतो. बायकांच्या रांगांतून हशा उसळला. हसता हसता त्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मल्हारला हुरूप आला. शेवटच्या "अहो"ला त्यानं हात झोकात वर केला. इथं पडदा पडायचा होता.

"अहो, सोलापूरच्या नाटक कंपनीनं मला घेतलंय," शिवप्रिया म्हणाली. "दौऱ्यावर जायचंय. म्या व्हय म्हणून कळवलं."

हे वाक्य त्यानं लिहिलेलं नव्हतं.

सभागृहात टाळ्या कडाडल्या. पडदा ओढणारा दोरी धरून तसाच थांबला. मल्हारनं तिच्याकडं पाहिलं. तिची नजर खाली गेली नव्हती. त्याचा हात अजून वरच होता. बोलायला तोंड उघडलं, तर ओठांवर भाषणातलंच वाक्य आलं. ते त्यानं गिळलं.

मग हात हळूहळू खाली आला.

"कधी निघायचंय?" त्यानं विचारलं.

आता मात्र कुणी हसलं नाही. शिवप्रिया सांगू लागली.