कवळीवाल्याच्या कुत्र्याचे दात

लोकांच्या कवळ्या घडवण्यात कवळीवाल्याची तीस वर्षं गेली. समोरचा माणूस हसला की याची नजर आधी त्याच्या दाढांवर. पण घरच्या लठ्ठ्याच्या, म्हणजे नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या तोंडात त्याने कधी डोकावलं नव्हतं.

लठ्ठ्या जिन्यात धापा टाकायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याचं काळीज तरी तपासून आणा."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग लठ्ठ्याचा ओठ वर उचलला.

"बाई, दुखणं छातीचं आणि तुम्ही दात कसले बघताय?"

"हृदय ठीक आहे. धाप वजनाची आहे, खाणं कमी करा, रोज फिरवा. पण या हिरड्या बघा. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरतात, आणि रक्त शेवटी हृदयातूनच फिरतं. दरवेळी बिघडतंच असं नाही, पण धोका कशाला घ्या?"

दाढांवर तपकिरी खडा जमला होता, हिरड्यांची कड लालभडक. कवळीवाला ओशाळला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

दात साफ करायला लठ्ठ्याला भूल दिली, तेव्हा याने हळूच विचारलं, "जबड्याचं माप घेऊ का?" बाई हसल्या, पण घेऊ दिलं.

घरी त्याने प्लास्टरचा जबडा ओतला आणि दोन दिवस तो उलटासुलटा करत बसला. वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू गालाआड दडलेली होती. सरळ ब्रश तिथे पोचणार कसा? त्याने ब्रशची दांडी गरम करून वाकवली. पेस्ट बाईंनी दिलेली, कुत्र्यांसाठीची. माणसांची पोटात गेली तर कुत्र्यांना बाधते.

पहिल्या दिवशी लठ्ठ्याने ब्रशच पळवला. आठवड्याने तो स्वतःहून तोंड पुढे करायला लागला.

"माझ्या तोंडाकडे इतकं कधी बघितलं नाहीत," बायको म्हणाली.

तीन महिन्यांत लठ्ठ्याचे दोन किलो उतरले. तपासणीला गेल्यावर कवळीवाल्याने नळी मागून घेऊन स्वतः लठ्ठ्याचे ठोके ऐकले आणि दचकला.

"बाई, हे तर अडखळतंय! मध्येच भरभर, मध्येच सावकाश!"

"श्वासाबरोबर ठोके मागेपुढे होतात. निवांत कुत्र्याचं असंच असतं."

"असं होय?" म्हणत त्याने डोळे मिटले आणि पुन्हा ऐकत राहिला. बाहेर दोन मांजरं ताटकळत होती.