अकरा मिनिटांचं ऊन

अर्पिताने सकाळी आठला गोळी घेतली, म्हणजे दहा वाजता तिच्या पाठीवर ऊन पडायला हवं होतं. अकरा मिनिटं. कमी नाही, जास्त नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी पाचापासून सुरुवात करून दिली होती, दिवसाआड, आणि हळूहळू अकरापर्यंत आणलं होतं. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं, उन्हाच्या चार पाळ्या चुकल्या, तर कोडाच्या पांढऱ्या डागांत जे मोहरीएवढे रंगाचे ठिपके उगवू लागले होते ते तिथेच थांबले. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, आता खाडा झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

राळेगावला आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे टिनाचा आडोसा आहे. तिथे ती पाठ उघडी करून बसते, मी जिन्यात बसून पोथी वाचते आणि घड्याळ पाहते. जहाजावर टाकी नव्हती, टीन नव्हतं, आणि आम्हाला मिळालेल्या खोलीला खिडकी नव्हती.

जहाजावर आम्ही कंपनीच्या कृपेने होतो. दिरांचं आणि ह्यांचं मिळून कृषी केंद्र आहे. फवारणीच्या औषधाचं टारगेट पूर्ण झालं म्हणून कंपनीने सगळ्या दुकानदारांना सहकुटुंब मुंबईहून तीन रात्रींच्या सफरीला नेलं. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून हे मागे राहिले आणि ह्यांच्या जागी मी आले. त्यामुळे असं झालं की समुद्राच्या मधोमध निम्मा यवतमाळ जिल्हा तरंगत होता. वणीचे, पुसदचे, दारव्ह्याचे, आणि कळंबच्या विमलताईसुद्धा.

विमलताईंच्या बंटीने अर्पिताला मार्गशीर्षात पाहिलं होतं. पसंती कळवली होती. फाल्गुनात सुपारी फोडायची होती. डागांचं त्यांना सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर नाहीत, हातांवर नाहीत, सगळे पाठीवर आणि कमरेला, त्यामुळे अर्पिताची आई, माझी जाऊ ममता, म्हणायची, "लग्न झाल्यावर काय ते पाहून घेतील. आधीच कायले डंका वाजवायचा?" मला ते बरं वाटत नव्हतं. पण आमच्या घरात माझा आवाज कुणाला ऐकू जाईल एवढा कधी निघत नाही.

साडेनऊला न्याहारीच्या रांगेत ममता मला कोपऱ्यात घेऊन गेली.

"जाऊबाई, गोळी कायले दिली तुम्ही? परवा घरी गेल्यावर घेतली असती."

"आज तिची पाळी आहे."

"पाळी आहे म्हणे. इथं तर पावलोपावली ओळखीचे." मग तिनेच आवाज खाली केला. "दहा वाजता कंपनीचा तंबोला आहे बायकांचा, खाली मोठ्या हॉलमध्ये. सगळ्या तिथंच राहतील. मी विमलताईंच्या शेजारी जाऊन बसतो, उठू देत नाही. तेवढ्यात उरकून घ्या."

त्या दिवशी रविवार, माझा अळणी उपास. मी एक केळं घेतलं, पिशवीत घड्याळ आहे ना ते पाहिलं आणि वर निघाले. पिशवीत माझं पूजेचं पातळही होतं. पहाटे धुतलं होतं आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत ते वाळणार नव्हतं.

अर्पिता काळा गॉगल लावून, अंगभर ओढणी गुंडाळून माझ्यामागे. गोळी घेतल्यावर इतर अंगावर ऊन पडू द्यायचं नसतं.

अकराव्या मजल्यावर पोहण्याचा हौद. चहूकडे लांबट खुर्च्या, पडून राहायच्या. रांगाच्या रांगा. निम्म्यांवर माणूस नव्हता, नुसता टॉवेल होता.

"हे तर एसटीसारखं झालं," अर्पिता म्हणाली. "खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली."

"मग एखादा उचलून बाजूला ठेवू."

"काकू, रुमाल उचलल्यावर यवतमाळच्या बसस्टँडवर काय होतं माहीत आहे ना?"

आम्ही टॉवेलांमधून फिरत राहिलो. एका कोपऱ्यात सहा खुर्च्या ओळीने अडवलेल्या होत्या आणि सातव्यावर दिग्रसचे खेमसिंगभाऊ बसून भजी खात होते. डोक्यावर कंपनीची टोपी.

"या वहिनी, बसा. आपल्याच जिल्ह्यासाठी रोकून ठेवल्या सहा. सकाळी सहा वाजता येऊन टावेल टाकले."

"एवढे टॉवेल आणले कुठून तुम्ही?"

"मागितले. ते बिचारे देऊनच राहिले, मी घेऊनच राहिलो." ते अर्पिताकडे वळले. "पोरीले थंडी वाजून राहिली का? एवढी गुंडाळली."

"कणकण आहे थोडी," अर्पिता म्हणाली.

"मग उन्हात बस ना बाप्पा. दुसरं काय आहे इथं."

आम्ही पुढे सटकलो. हौदाच्या कडेला तीन-चार पोरी पालथ्या पडल्या होत्या, अंगावर नावापुरते कपडे, पाठीवर तेल. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. एकीच्या पाठीवर ही एवढी लाल जन्मखूण होती. अर्पिता चालता चालता थांबली.

"यांना कुणी विचारत नाही काकू."

"यांना इथे कुणी ओळखत नाही."

"तेच म्हणते मी."

दहाला बारा मिनिटं कमी होती. बाराव्या मजल्यावर गेलो तर तिथे कंपनीची पोरं क्रिकेटची जाळी लावून खेळत होती. धुराड्यामागे एक अरुंद पट्टी दिसली, ऊन चांगलं होतं, पण दोरी बांधलेली होती. मी दोरीखालून वाकले, तोवर पांढऱ्या गणवेशातला एक माणूस आला आणि अगदी आदराने हात जोडून मला बाहेर काढलं. मी हिंदीतून सांगायला गेले, आणि काय सांगावं ते सुचेना. पुढच्या टोकाला वारा एवढा की उभं राहवेना. मागच्या जिन्याने उतरलो, पुन्हा चढलो.

दहा वाजले. दहा वाजून दोन.

शेवटी अगदी मागच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, एक जागा सापडली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला छातीपर्यंत रचून ठेवलेल्या मोडक्या खुर्च्या, मागे कठडा आणि समुद्र. चौथी बाजू उघडी होती, आणि तिच्यासमोरून जायची-यायची वाट. ऊन मात्र सरळ पडत होतं.

"होईल," मी म्हणाले. "मी आडोसा धरते."

आमच्याकडे हे बायकांना शिकवावं लागत नाही. यात्रेत, नदीवर, शेतात, जिथे न्हाणीघर नाही तिथे दोघीजणी पातळाची दोन टोकं धरून उभ्या राहतात आणि तिसरी मध्ये आंघोळ करते. धरणाऱ्यांनी तोंड बाहेर करायचं आणि पाठ आत. वळून पाहायचं नाही, कुणी सांगावं लागत नाही.

मी पातळ काढून दुहेरी केलं, एक टोक खुर्च्यांच्या पायाला बांधलं आणि दुसरं धरून भिंतीशी उभी राहिले. अर्पिता आत शिरली. तिने कुर्ता काढला, समुद्राकडे तोंड करून गुडघ्यात मान घातली, आणि मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच.

दुसऱ्याच मिनिटाला वाऱ्याने खुर्च्यांकडची गाठ सोडवली. पातळ शिडासारखं फुगलं. मी ते ओढून धरलं, पण दोन टोकांना दोन माणसं लागतात आणि मी एकटी होते. एक टोक सांभाळलं की दुसरं उडे. अर्पिताने ओढणी घ्यायला हात लांब केला.

"उठू नको," मी म्हणाले. "मी धरते."

"तुमच्याने नाही होणार काकू. राहू द्या आजच्या दिवस."

"थांबा, मी धरतो."

वाटेवर विमलताई उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक, तोंडाला पदर लावलेला.

"त्या हॉलमध्ये मळमळून राहिलं मले," त्या म्हणाल्या. "ममतावहिनी उठूच देत नव्हत्या, चार आकडे लागले होते माझे. तशीच तिकीट टाकून आली." बोलता बोलता त्यांनी उडणारं टोक पकडलं, मुठीत पिळा घातला, खुर्च्यांशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाठ आत केली. एकदाही वळून पाहिलं नाही. पातळ ताणून सरळ झालं.

चार मिनिटं झाली होती. सात उरली होती.

आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या, तोंडं वाटेकडे. समोर जहाजाचा पांढरा रंग डोळ्यांत खुपत होता. विमलताईंनी समोर बघतच विचारलं, "अर्पिता हाय ना आत?"

"हो."

"उलटी होऊन राहिली का तिले? मायासारखी?"

तीन उत्तरं तयार होती. उलटी होतेय. कपडे बदलतेय. कुर्त्याला डाग पडला तो धुतेय. कुठलंही चाललं असतं. विमलताई पाठ करून उभ्या होत्या, त्यांना दिसणार काही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून काहीच बाहेर पडलं नाही. पाच मिनिटं झाली.

"बरं नसन तर डॉक्टर हाय म्हणे खाली," विमलताई म्हणाल्या. "माया ओळखीचा नाही, पण हाय."

"मावशी," आतून अर्पिताचा आवाज आला. मान गुडघ्यांत असल्यामुळे जरा दबलेला, पण स्पष्ट. "मला उलटी होत नाही. माझ्या पाठीवर कोडाचे डाग आहेत. औषध चालू आहे, गोळी घेऊन उन्हात बसावं लागतं. तुम्ही बघितलं तरी चालेल."

पातळाचं त्यांच्याकडचं टोक ढिलं पडलं. मधला भाग खाली लोंबला, वाऱ्याने लगेच आत ढकलला. मी माझा हात जितका वर जाईल तितका वर केला. समोरच्या वाटेने दोन बाप्ये आईस्क्रीम खात येत होते, वणीच्या बाजूचे असावेत, कंपनीच्या टोप्या होत्या.

विमलताईंनी टोक या हातातून त्या हातात घेतलं आणि पुन्हा ताणलं.

"ओ भाऊ," त्या म्हणाल्या, "तिकडून जा."

ते तिकडून गेले.

पुढचं सव्वा मिनिट मी घड्याळ पाहत होते. विमलताईंच्या मनगटावरच्या शिरा फुगल्या होत्या. ओलं पातळ जड असतं.

"हात बदलू का आपण?" मी विचारलं.

"नको." त्यांनी टोकाला आणखी एक पिळा घातला. "तुम्ही आधी काहून नाही सांगितलं वहिनी? तुम्ही सांगाल असं वाटे मले. ममतावहिनी नाही सांगणार, त्याईचं समजू शकतो. पण तुम्ही."

"चुकलंच माझं."

"चुकलंच." त्यांचा आवाज चढला नाही. "हे पाहा, हे धरणं वेगळं आन ते वेगळं. हे मी पुरं धरतो. त्याचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. बंटीले सांगीन. तो काय म्हणन ते म्हणन, आन मी काय म्हणन तेही मले आज माहीत नाही. मागून मले बोल लावू नका की धरलं होतं म्हणून."

"नाही लावणार," मी म्हणाले.

"पोरी, तुले ऐकू आलं का?"

"आलं मावशी."

"रडून तर नाही राहिली?"

"नाही. गरम होतंय फक्त. किती झाले काकू?"

"साडेआठ. अडीच राहिले."

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी ममता आली. धापा टाकत होती. विमलताई हॉलमधून उठल्यापासून ती बहुतेक सगळे मजले पालथे घालत आली होती. हातात अजून तंबोल्याचं तिकीट होतं. आधी तिला मी दिसले, मग पातळ, मग पातळाचं दुसरं टोक आणि ते धरणारा हात. ती जागच्या जागी उभी राहिली.

"विमलताई," ती कशीबशी म्हणाली, "अहो, तुम्ही कायले धरता, आणा, मी..." आणि पुढे येऊ लागली.

"तिथंच थांबा वहिनी," विमलताई म्हणाल्या. "हलवू नका आता. अजून दोन मिनिटं हायेत पोरीचे."